शुक्रवारची खुर्ची

सोमवार, ता. ३

आलो एकदाच्या! सामानाचा टेम्पो शाळेच्या मागच्या फाटकाशी थांबला तेव्हा टकळीचं तोंड जे सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. टकळी म्हणजे माझी लेक. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं, ती दीड वर्षाची असताना, आणि खरं नाव मग दाखल्यापुरतंच उरलं. आता घोडी सोळा वर्षांची झाली, अकरावीत गेली, तरी टकळीच. तिचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली.

शाळेच्या आवारातच राहायला जागा मिळाली आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे वीतभर गॅलरी. नळ गळतो, खिडकीची कडी लागत नाही, पण ऊन मात्र भरभरून येतं. गॅलरीच्या समोरच सभागृह. इतकं जवळ की तिथे कुणी शिंकलं तर इथून रुमाल द्यावा.

शाळा मुलींची, सरकारी. काम एकच, मुलींना कॉलेजसाठी तयार करायचं. प्रवेशपरीक्षा भलतीच कडक, टकळी त्यात दोनदा आपटली. शिक्षिकेच्या मुलीला मात्र परीक्षा नाही, म्हणून तर मी ही नोकरी धरली. उगाच खोटं कशाला बोलू! इथली एकही मुलगी आजवर कॉलेजाविना राहिलेली नाही म्हणतात. माझ्या टकळीचं एकदा मार्गी लागलं की मी सुटले.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः चहा घेऊन आल्या. किती गोड बोलतात! नेमकी तेव्हाच टकळीने शीळ घातली. तिच्या बाबांची शीळ, दाराशी आले की घालायचे ती. शेवटचा सूर वर चढायचा आणि मधेच तुटायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्या बाई हसून म्हणाल्या की काळजी नको, इथे हे सगळं आपोआप जातं.

शुक्रवार, ता. ७

आज इथली एक गंमत पाहिली. दर शुक्रवारी सकाळी सगळी शाळा सभागृहात जमते. व्यासपीठावर एक जुनी लाकडी खुर्ची, मुलींकडे पाठ करून ठेवलेली, रिकामी. एकेक मुलगी वर जाते, खुर्चीसमोर उभी राहते आणि कॉलेजला जाईपर्यंत आपण काय सोडणार ते मोठ्याने सांगते. मी मोबाइल सोडला. मी उशिरा उठणं सोडलं. मग सगळ्या मुली एका सुरात म्हणतात, सोडलं! खुर्ची जरा करकरते आणि पुढची मुलगी वर जाते.

टकळीने नखं खाणं सोडलं. मी इतकी वर्षं कडू औषधं लावून थकले! शेजारी बसलेल्या गणिताच्या बाईंना मी गमतीने म्हटलं की मलाही चहा सोडायला लावाल की काय. त्या काही हसल्या नाहीत. बाई जरा तुसड्याच दिसतात.

बुधवार, ता. १२

नखं वाढली. खरंच वाढली. तोंडाकडे बोट जातच नाही तिचं. मी तर ताईला फोन करून सांगितलं. ताई म्हणाली की शाळा आहे की जादू.

वर्गात मात्र विचित्र झालं. बारावीच्या मुलींना कॉलेजच्या मुलाखतीत स्वतःबद्दल बोलावं लागतं, त्याची तयारी मी घेते. म्हटलं, काय आवडतं, कशाचा राग येतो, कशाने हसू येतं ते सांगा. पहिली उठली. सरळ उभी, हात मागे. माझ्याकडे बघत राहिली. दुसरी, तिसरी, सगळ्यांचं तेच. गणित विचारा, इतिहास विचारा, धडाधड सांगतात. स्वतःबद्दल एक वाक्य नाही. लाजतात म्हणावं तर तसंही नाही. गणितबाईंना विचारलं तर म्हणाल्या की त्यांची मुलगीही इथूनच गेली, मोठ्या कॉलेजात आहे. सुट्टीत येते का विचारलं. त्या वह्या तपासत राहिल्या.

घरी आले तर टकळी पुस्तकावर डोकं ठेवून रडत होती. बाबांची आठवण आली की तिचा अख्खा दिवस वाया जातो. चाचणीत नापास झाली आहे, अशाने कसं होणार? मी जवळ घेतलं, केस नीट केले आणि म्हटलं की बाळा, ही आठवण कॉलेजपर्यंत बाजूला ठेव. शुक्रवारी तेच सोड, हलकं वाटेल. तिने डोळे पुसले आणि बरं म्हणाली.

शुक्रवार, ता. १४

सोडलं तिने. आवाज जरासुद्धा कापला नाही. मला किती अभिमान वाटला! खुर्ची आज जोरात करकरली, कुणी जडसं बसल्यासारखी.

रविवार, ता. १६

सकाळी टकळी भिंतीवरच्या फोटोसमोर उभी होती. मला वाटलं नमस्कार करते आहे. वळून मला विचारलं की हे काका कोण.

मी हसले. म्हटलं, फाजीलपणा पुरे. ती ओशाळली. फाजीलपणा करणारी टकळी ओशाळत नाही, खिदळते. मी लग्नाचे फोटो काढले, सहलीचे काढले, तिला खांद्यावर घेतलेला तो एक काढला. तिने सगळे नीट पाहिले आणि म्हणाली की चेहरा चांगला आहे. मग अभ्यासाला बसली.

मी तिला शीळ घालायला सांगितली. तिने ओठ गोल केले, नुसती हवा निघाली. असं काही येत नाही म्हणाली.

अहो, तुमच्या मुलीने तुम्हाला काका म्हटलं. मीच सांगितलं तिला. मी.

सोमवार, ता. १७

मधल्या सुट्टीनंतर सभागृहात गेले. ऊन खिडक्यांतून फरशीवर आलेलं, चिटपाखरू नव्हतं. वाटलं ती खुर्ची उचलून फेकून द्यावी. साधी लाकडी खुर्ची! दोन्ही हातांनी ओढली, पाय टेकवून ओढली, तसूभर हलली नाही. बसायची जागा गरम होती, आत्ताच कुणी उठल्यासारखी.

मी पायऱ्या उतरले आणि मागून शीळ आली.

त्यांची शीळ. शेवटचा सूर वर चढला आणि तुटला. मागे वळून पाहिलं. खुर्ची. बाकी कुणी नाही. पाठोपाठ कुणीतरी कडाकडा नख कुरतडलं. मग कितीतरी मुलींचं हसू, एकात एक मिसळलेलं, खिदळणं, रुसणं, गाण्याच्या ओळी.

मी धावले. चप्पल तिथेच राहिली. आणायला जाणार नाही.

मंगळवार, ता. १८

मोठ्या बाईंच्या पाया पडले. हो, पडले. म्हटलं, माझ्या मुलीला तिचे बाबा परत द्या. त्यांनी मला उठवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. शांतपणे म्हणाल्या की मुलींना अभ्यासात जे आड येतं तेच जातं, शेवटी हाती रिकामी, स्वच्छ पाटी येते, आणि कॉलेजांना तेच हवं असतं. आई-वडील खुशीने पाठवतात. मीही तर खुशीनेच पाठवलं, नाही का?



बुधवार, ता. १९

गणितबाईंनी मला पाण्याच्या टाकीमागे नेलं आणि घडाघडा बोलल्या. बारावीच्या शेवटी मुली आई सोडतात. त्यांच्या मुलीने सोडली. आता फोन केला तर ती नम्रपणे राँग नंबर म्हणते.

परत मिळवायचा एकच मार्ग आहे. मुलीने जे सोडलं तेवढ्याच वजनाचं दुसऱ्या टोकाने सोडायचं. आई सोडली असेल तर आईने मुलगी सोडायची. मग मुलीला आई परत मिळते, आईला मात्र मुलगी उरत नाही. वडिलांचं तर होणारच नाही, सोडायला ते आहेत कुठे.

बाई म्हणाल्या की त्यांची छाती झाली नाही. दोघींपैकी एकीला तरी आठवण असावी असं वाटलं. बोलताना पदराचा बोळा तोंडाशी धरला होता त्यांनी. आणि मी त्यांना तुसड्या म्हटलं होतं.

गुरुवार, ता. २०

ताईला सगळं सांगितलं. तिला वाटतंय मला वेड लागलंय, पण गाडी घेऊन शनिवारी येते म्हणाली. त्याआधी जमत नाही. नोकरी गेली खड्ड्यात, कॉलेजही. उद्या टकळीला सभागृहात जाऊ द्यायचं नाही, बस. बाहेरच्या दाराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या ब्लाउजमध्ये.

टकळी गप्प आहे. आल्यापासून पहिल्यांदाच घर इतकं गप्प आहे. म्हणाली की चाचणी बुडाली तरी चालेल पण शुक्रवार बुडवायचा नसतो.

शुक्रवार, ता. २१

गॅलरी. मला गॅलरी सुचली नाही. कशी सुचली नाही!

मी दाराला पाठ लावून बसले होते. प्रार्थना झाली, पहिली मुलगी बोलली, दुसरी. टकळी उठली, केस बांधले, गॅलरीत गेली. सभागृहाची खिडकी समोर उघडी. मी धावले, तिच्या तोंडावर हात — हात पोचला नाही.

तिने स्पष्ट म्हटलं. मी आई सोडली.

अकरावीतच. अकरावीतच गं! म्हणे आई घाबरते, त्याने अभ्यास होत नाही. असं ती लगेच पुढे म्हणाली. तेही मला नाही. समोरच्या खिडकीला.

तिकडून सगळ्या एका सुरात म्हणाल्या. सोडलं!

मग ती वळली आणि मला विचारलं की बाई, तुम्ही इथे कशा.

शनिवार, ता. २२

ताई आली. टकळीने गाडीत बसायला नकार दिला. अनोळखी बायका ओढून नेतात म्हणून ओरडली. फाटकाशी माणसं जमली, मोठ्या बाई आल्या, तिला पोटाशी धरून घेऊन गेल्या. ती त्यांना बिलगली. माझ्यासमोर.

ताई आता मला वेडी म्हणत नाही. राहिली आहे माझ्याजवळ.

मंगळवार, ता. २५

टकळी वसतिगृहात. मी डबा नेला. तिने धन्यवाद म्हटलं. डबा तसाच परत.

वर्गात हात मागे घेऊन उभी असते. माझ्याकडे बघते. तशीच बघते — त्या बारावीच्या —

काय उरलंय तिच्यात? पुढच्या शुक्रवारी काय काढतील?

गुरुवार, ता. २७

ठरलं. ताई रडते आहे, नको म्हणते. पण तिला तरी कुणी हवं की नको? सोळा वर्षांचं पोर. बाबा नाहीत, निदान आई आहे हे तिला कळू दे. माझं काय व्हायचं ते होवो. ताई सगळं सांभाळून घेईन म्हणाली. मी परत आले की टकळीला माझ्याजवळ ठेवेल, मला पुन्हा पुन्हा सांगत राहील.

टकळी. टकळी. टकळी. पोटात असतानासुद्धा लाथा मारायची. पावडरचा डबा सगळ्या अंगणात — दुधाचा दात गिळला आणि दिवसभर — झोपेत भांडते. उजव्या कानामागे तीळ. मला कळणारही नाही काय गेलं ते. हेच बरं. हेच बरं का?

हे वाच. ती तुझी आहे. तिला दार उघड.

शुक्रवार, ता. २८

आजची सभा छान झाली. मीसुद्धा वर गेले होते म्हणे, चहाच सोडला असेल! खुर्ची इतकी करकरली की सगळ्या दचकल्या. खूप हलकं वाटतंय.

तेवढ्यात अकरावीतली एक मुलगी धावत व्यासपीठावर आली आणि माझ्या गळ्यात पडली. कुणाची कोण! बिचारीचा काहीतरी गैरसमज झाला आहे. गणितबाई तोंड फिरवून उभ्या होत्या.

शनिवार, ता. २९

ताईने त्या मुलीला घरी आणलं आहे. ती तुझी मुलगी म्हणते. ताईला काय झालं? ह्यांचा फोटो समोर आहे, लग्न आठवतं, दवाखाना आठवतो, सगळं आठवतं. मूल नव्हतं आम्हाला. असतं तर ह्यांच्यामागे इतकं एकटं वाटलं नसतं.

या वहीच्या मागच्या पानांवर अक्षर माझंच दिसतं. पण एक शब्द मधे मधे येतो, तिथे डोळा ठरतच नाही, घसरतो. शेवटी दार उघड असं काहीतरी —

रविवार, ता. ३०

मुलगी दारावर थापा मारते आहे. मी आतल्या खोलीची कडी लावली. भीती वाटते. आई आई आई — कानात बसलंय. छाती का दुखते कळत नाही.

दारातूनच समजावलं. म्हटलं, बाळा, हे आई आई एवढं सोड शुक्रवारी. हलकं वाटेल.

एकदम गप्प झाली.

ताई ओरडली माझ्यावर. का?

आता पुन्हा बोलते आहे. रडत रडत, पण थांबत नाही. पावडरचा डबा, कुठला दात, कानामागचा तीळ — काय बोलते, किती बोलते! श्वास तरी घे गं. हिच्या घरचे हिला काय म्हणत असतील? माझी असती ना, तर मी हिचं नाव ठेवलं असतं —