झाकण उघडेना

प्रिय आई,
तुला आणि बाबांना नमस्कार. मी ठीक आहे, वेळेवर जेवते.

आमचं यान लघुग्रहावर उतरून तिथली माती घेऊन परत आलं, हे ऐकलंच असशील. पण त्या डब्याचं झाकणच उघडेना! दोन स्क्रू हटून बसलेत. जोर लावावा तर माती सांडेल, डबा ज्या हवाबंद काचपेटीत ठेवलाय तिच्याबाहेर काढावा तर आपली हवा लागून माती बिघडेल. साहेब सारखे विचारतात, "झालं का?" मी दात-ओठ खात "नाही" म्हणते.

आता वेगळा पाना बनवायला घेतलाय. त्यामुळे बाबांच्या ऑपरेशनला मला येता येणार नाही. ते चिडतील का गं? खरं सांग.

आज डब्याच्या बाहेरच्या कडेला त्या लघुग्रहाची चिमूटभर काळी धूळ सापडली. एवढ्यासाठी इतकी वर्षं तुम्हाला सोडून राहिले! काचेला नाक लावून पाहिलं आणि रडूच फुटलं.

तुझी हट्टी,
धाकटी