साठ मीटर कमी

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन पोलिसांनी काढून घेतला, म्हणून कागद मागून घेतला. मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस की मला एक ओळ धड लिहिता येत नाही. हे घे, अख्खं पान.

शर्यत भरवणाऱ्या त्या शर्यतवाल्याचा जबडा मी मोडला, हे खरं आहे. सायकलच्या पंपाने मोडला, हेही खरं. दुसऱ्या फटक्याला दात रस्त्यावर सांडले आणि तिसरा मी शांतपणे मारला. पण आधी ऐकून तर घे. आपलं धावपटूंचं संकेतस्थळ वाचकांनी खुशीने दिलेल्या पैशांवर चालतं. बूटवाल्यांची जाहिरात नाही, शर्यतवाल्यांचा पैसा नाही. आणि मी त्याचा दहा किलोमीटरचा मार्ग मोजून सायकलवरून उतरतो न उतरतो तोच हा हसत पुढे येतो, वर्षभर आम्हाला प्रायोजक होऊ द्या म्हणतो. मार्ग साठ मीटर कमी भरला होता, ताई! तोंड बंद ठेवायचाच पैसा ना तो? वर म्हणतो, तुमच्या बेकरीवालीला यंदा पोस्टरवर घेऊ.

पहाटे भट्टी लावून मग पळायला जाते, ती ही बेकरीवाली. जिच्यापायी मी हे संकेतस्थळ उभं केलं, तिचा विषय त्याच्या तोंडून निघाला आणि माझं डोकं सटकलं.

पोलीस येईपर्यंत फूटपाथवर बसून संकेतस्थळावर बातमी चढवली आणि याच मार्गावरचा तिचा गेल्या वर्षीचा विक्रमही यादीतून रद्द केला. खोट्या मार्गावर पळवलं त्याने तिला. ती एकदा तरी भेटायला येईल ना?

इथे कोठडीत एकाने माझी चादर ओढली, तर त्याचं कपाळ गजावर आपटलं. आता सगळे मला वाट देतात.

रागाव हवं तेवढं, पण माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बोक्या

२३ जानेवारी

चि. बोक्यास,
अ. आ.

तुझी बातमी वाचून देणग्यांची रीघ लागली आहे. प्रामाणिक पोराला चांगला वकील द्या, असं लोक लिहितात. वकील मिळालाही. तो म्हणतो, शर्यतवाल्याने लोकांना फसवलं आणि तू चिडलास, एवढाच आपला बचाव.

मी दुकानात चष्म्याची भिंगं घासत होते आणि एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. मार्ग मोजून आलेल्या माणसाच्या हातात पंप कशाला? मग तुझी वही उघडली. पहिल्याच किलोमीटरला पुढचं चाक पंक्चर, हवा भरली, चाक दगडासारखं कडक, असं तूच लिहिलंयस. पठ्ठ्या, चाकाचे फेरे मोजायचं यंत्र त्याच चाकाला होतं. निघण्यापूर्वी पोलादी फितीवर तू एका फेऱ्याचं अंतर ठरवलंस ते मऊ चाकाने. कडक चाक एका फेऱ्यात जास्त पुढे जातं, फेरे कमी पडतात, रस्ता कमी भरतो. हवा भरल्यावर पुन्हा फितीवर का नाही गेलास?

बेकरीवाली आणि मी दोनदा मोजून आलो. दहा हजार चार मीटर. परतल्यावर तिने माझ्या मेजावर अशी मूठ आपटली की भिंगांचा ट्रे फुटला. पायाच्या अंगठ्याचं नख उपटलेलं असताना ती पळाली होती, म्हणाली. त्या माणसाआधी तुझाच जबडा मोडायला हवा होता, असंही म्हणाली.

चूक बातमीच्याच आकारात छापायची, हा नियम तुझा. छापली की देणग्या परत कराव्या लागतील, वकील जाईल, बचावही जाईल. कोर्टाच्या तारखेपर्यंत तुझ्या होकाराची वाट पाहीन. त्यानंतर नाही.

अंगावर धावून जाणं तेवढं सोड. माझा जीव तुझ्यातच आहे.

ताई

१ फेब्रुवारी

ताई,

वहीतलं ते पान फाड. जाळ. राखसुद्धा ठेवू नकोस. तो जबडा प्रामाणिक होता हे कळून मला काय करायचंय? मी इथे सडू आणि तू तिकडे नियम पाळ! छापलंस तर तू माझी बहीण नाहीस.

तुझं पत्र वाचून भिंतीवर मूठ मारली. दोन बोटं मोडली. हे डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय. ती खरंच तसं म्हणाली का गं?

बोक्या

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल कोर्ट झालं. तू मागच्या बाकावर होतीस, पण तिथवर माझा आवाज पोचला नसेल, म्हणून लिहितो.

शर्यतवाला समोरच होता. जबडा तारेने बांधलेला, बाटलीतून नळीने काहीतरी ओढत होता. वकील त्याला लबाड, लुटारू म्हणत राहिला, आणि त्या माणसाला तोंड उघडून नाही म्हणता येईना. डोळ्यांतून नुसतं पाणी. मी त्याला मारलं तेव्हाही त्याने एवढं सोसलं नसेल.

मी उठलो. वकिलाने बाही ओढली, ती झटकली. जजसाहेबांना सांगितलं की मार्ग दहा हजार चार मीटर आहे, हा माणूस खरा आहे, मोजणी माझी चुकली. कुणी धमकावलं का, असं त्यांनी विचारलं. माझ्याच बहिणीने हिशेबात पकडलं, म्हटलं.

कोठडीत आलो तर कालपर्यंत मला वाट देणाऱ्यांनीच धरून तुडवलं. फुकटचा हिरो म्हणत होते. एक बरगडी गेली. या वेळी मी हात उचलला नाही, उचलवला नाही.

चूक छाप, मोठ्या अक्षरात, माझ्या सहीने. ज्याचे त्याला पैसे पाठव. तिला माझं काही सांगू नकोस, मला तोंड नाही.

मला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तिची एकेचाळीस मिनिटं दहा सेकंद मात्र आजच परत लाव, सगळ्यांच्या वर.

जमलं तर आपला म्हण.

बोक्या