एका दिवसाची शेवंताबाई

निंबखेडे, ता. रावेर
दि. २५ फेब्रुवारी २०२६

प्रिय मैत्रीण साबेरा हिस,
मंदाचा स. न. वि. वि.

रमजानच्या शुभेच्छा आधी, बातमी मागून. आपल्या भूमिकाचं लग्न ठरलं. मुलगा चाळीसगावकडचा, बँकेत आहे. उंचीला तिच्या बापाएवढा, आपल्या जितेंद्रएवढा, आणि बोलायला त्याच्या निम्मा, म्हणजे चांगलाच म्हणायचा. वैशाखातली आखाजी झाली की लगेचची तिथी धरली आहे.

चुडा तूच भरायचा. माझ्या हातात तुझ्या सासूबाईंनी भरला, माझ्या सुनेच्या हातात तू. आता नातीला दुसरं कोण हात लावणार? भूमिका म्हणते की बांगड्या भरून झाल्यावर मी साबेराआजीच्याच पाया पडणार, दुसऱ्या कुणाचा आशीर्वाद मला लागायचा नाही. पोरगी माझ्या वळणावर गेली आहे.

एक लिहायला जड जातं, पण तुझ्यापासून काय लपवू? दिवाळीनंतर पोरांनी गावाच्या वेशीवर फळा लावला आहे, तुमच्यातल्या कुणी गावात विकायला येऊ नये म्हणून. जितेंद्र म्हणतो की व्याही मंडळी फार कडक आहेत, उगाच शोभा नको. मी म्हटलं, कडक पापड असतात, माणसं नसतात. तो हसला नाही. हल्ली तो हसतच नाही.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. घरी सर्वांना आशीर्वाद. उत्तराला उशीर केलास तर कट्टी.

तुझ्यावर हक्क सांगणारी,
मंदा

*

धुळे
दि. ६ मार्च २०२६

सौ. मंदा हिस,
साबेराचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. वि. वि.

पत्र वाचून इतकी खूश झाले की रोजा असल्याचं विसरून तोंडात साखर टाकणार होते. नातीनं, अफिफानं, हात धरला. नवरामुलगा कमी बोलतो हे बरं आहे. तुमच्या घरात बोलायला तू एकटी पुरेशी आहेस.

चुड्याचं मात्र मनावर घेऊ नकोस. रावेरला चांगले कासार आहेत, त्यांना बोलाव. माझ्यापायी लेकराच्या लग्नात विघ्न नको. हिरव्या बांगड्या मी काढून ठेवल्या आहेत, कुणी येणारजाणार असेल तर पाठवते. शेहजादनं तर फळ्याचं ऐकून मला बजावलंच, की अम्मी, त्या गावाचं नाव काढायचं नाही. तो तुमच्याच ओट्यावर चालायला शिकला हे त्याला सांगून काय उपयोग? त्याला ते आठवत नाही.

आमचे हनीफ असते तर त्यांनी तुझ्या जितेंद्रचा कान धरला असता. आता कान धरणारं माणूस कुठे राहिलं? तोतारामभाऊंना सलाम सांग, त्यांचा दमा कसा आहे ते कळव.

लांबूनही तुझीच,
साबेरा

*

निंबखेडे
दि. २३ मार्च २०२६

प्रिय साबेरा हिस,
मंदाचा स. न. वि. वि.

ईद मुबारक. शीरखुर्म्याचा डबा यंदा आला नाही. आणणार तरी कोण, म्हणून मी तुला दोष देत नाही. ह्यांचा दमा बरा आहे, फक्त माझ्याशी भांडताना वाढतो.

चुड्यावर मी उपाय काढला आहे. तू शेवंताबाई कासारीण म्हणून ये. कपाळाला टिकली लाव, डोक्यावर पदर घेतेसच. व्याह्यांकडच्यांना काय कळणार? गावातल्या जुन्या बायका ओळखतील, पण भिकुबाईपासून सगळ्यांना मी सांगून ठेवलं आहे. त्या तोंडाला कुलूप लावून बसतील. जितेंद्रलाही सांगितलं. तो ट्रकमध्ये चढणारे केळीचे घड मोजत राहिला. मग म्हणाला की तुम्हाला काय करायचं ते करा, मी काही ऐकलं नाही. म्हणजे हो समज.

एवढी लबाडी देव आणि अल्ला दोघंही माफ करतील. शाळेत तू गवळण झाली होतीस, तेव्हा कुणी ओळखलं होतं? हळदीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं ये. नाही म्हणू नकोस, भूमिकानं जीव लावला आहे.

वाटेकडे डोळे लावून,
मंदा

*

धुळे
दि. ३१ मार्च २०२६

सौ. मंदा हिस,
साबेराचा सलाम नमस्कार वि. वि.

साठी उलटली तरी तुझं डोकं सातवीतल्या पोरीचंच राहिलं. टिकलीचं मला काही नाही. अफिफानं लावून पाहिली, आरशात मी हुबेहूब तुझ्या जावेसारखी दिसले आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

नावाचं मात्र जिवावर येतं. तुमच्यात सासरी गेल्यावर नाव बदलतात, तुला सवय आहे. माझं अब्बांनी ठेवलेलं नाव अजून कुणी बदललं नव्हतं. सारखं वाटतं की कुणी शेवंताबाई म्हणून हाक मारली तर मी ओ द्यायचीच विसरेन. तरी येते. भूमिकाच्या हातासाठी येते.

शेहजादला भुसावळला डॉक्टरकडे जाते म्हणून सांगितलं आहे. एक खोटं बोललं की दुसरं आपोआप सुचतं, हे या वयात कळलं. बांगड्या गवतात बांधून आणते. तिचं मनगट भरलं असेल तर कळव.

तुझी हट्टापुढे हरलेली,
साबेरा

*

निंबखेडे
दि. ५ मे २०२६

साबेरा हिस,
नमस्कार लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

त्या दिवशी तू मान खाली घालून निघून गेलीस. घरात काय काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र.

पहिली बांगडी चढवताना तू सवयीनं बिस्मिल्ला म्हणालीस. तुझ्या सासूबाईही म्हणायच्या. माझ्या लग्नात भर मांडवात म्हणाल्या होत्या. मला तर तो चुड्याचा मंत्रच वाटायचा, म्हणून तुला सावध करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. भूमिकाची सासू चारुलताबाई हळदीचं ताट घेऊन शेजारीच बसली होती. तिनं ऐकलं आणि ताट खाली ठेवलं. चुडा भरून झाला, पोरगी तुझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा चारुलताबाईनं तिचा दंड धरला. मग त्या बाईचा दीर कौतिक आत येऊन ओरडला, की कासारीण नही, मन्यारीण शे ही, नाव दपाडीसन घरमा घुसनी. नाव लपवायला मीच सांगितलं होतं.

जितेंद्रनं सगळ्यांसमोर विचारलं की या बाईला आत कुणी घेतलं. तुझ्या मांडीवर बसून जेवलेल्या पोरानं विचारलं! भिकुबाई भिंतीकडे बघत होती. आणि मी म्हणाले की मला काय ठाऊक, शेवंताबाई म्हणून आली, मी हिला ओळखत नाही. लग्न मोडेल, एवढंच मला दिसत होतं. तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. तेव्हा माझं नाव घेतलं असतंस तर बरं झालं असतं.

तू वेशीबाहेर गेली नसशील तोवर त्यांनी चुडा उतरवायला लावला. निघेना, तेव्हा वरवंटा आणला. मी शुभ शब्द म्हणून ‘वाढवला’ असं लिहिणार होते, पण फोडलाच तो. हळद लागलेल्या पोरीचा. आमच्यात बाईचा चुडा केव्हा फोडतात ते तुला सांगायला नको. इतक्या बायका होत्या, एकीनं तोंड उघडलं नाही. मग रावेरहून दुसऱ्या बांगड्या आल्या, लग्न वेळेवर लागलं, जेवणं छान झाली असं सगळे सांगतात. काच लागलेलं मनगट नव्या चुड्याखाली झाकलं गेलं. भूमिका माझ्याशी फोनवर बोलत नाही.

अफिफाचं जमतंय असं कानावर आलं. मला बोलावशील ना? भर मांडवात तुझे पाय धरीन.

तुझी अपराधी,
मंदा

*

धुळे
दि. १८ मे २०२६

मंदा हिस,
साबेराचा सलाम.

पत्र मिळालं. मी बरी आहे. स्टँडपर्यंत पोरं मागे आली, पण कुणी हात लावला नाही. त्यातल्या एकानं काढलेला व्हिडिओ इथे शेहजादनं पाहिला. तो ओरडला नाही, याचीच मला भीती वाटली. आता तोही तुमच्या फळ्यावर लिहिलंय तसंच बोलतो, फक्त नावं उलटी करून. बांगड्यांची पेटी त्यानं माळ्यावर टाकली आहे.

तुझा राग आला होता. खोटं कशाला सांगू? पण तो फार टिकला नाही. माझ्या नातीचं लग्न मोडत असतं तर मीही कदाचित तेच बोलले असते. राग आहे तो माझा माझ्यावरच. साबेराला मी तुझ्या दाराबाहेर ठेवून आत आले. तू शेवंताबाईला ओळखत नाहीस म्हणालीस, त्यात खोटं काय होतं?

चुड्याचं वाचलं तेव्हा जेवत होते, ताट तसंच उचलून ठेवलं. रोज नमाजात भूमिकाच्या नवऱ्यासाठी आयुष्य मागते. तिला हे कळवू नकोस, सासरी कुणाच्या कानावर जाईल.

अफिफाचा निकाह पुढच्या महिन्यात आहे. मी सगळ्यात आधी तुझं नाव काढलं. शेहजाद म्हणाला की त्यांच्यातलं कुणी नको, गल्लीतली मंडळी उठून जातील. मी भांडले, रडले, दोन वेळा जेवले नाही. शेवटी त्याला माझी दया आली. म्हणाला, एवढंच असेल तर येऊ दे मंदामावशीला, पण बुरखा घालून. कुणी विचारलं तर मालेगावची नाजमीन खाला म्हणून सांगू. मंदा, त्यानं हे अगदी मायेनं सांगितलं, तू मला लिहिलं होतंस तसंच.

म्हणून तुला बोलावत नाही.

माया आहे ती असू दे. आता वाढवू नकोस.

साबेरा हनीफ मन्यार