हातात नसलेली बंदूक

सिल्वासा, ५ ऑगस्ट २०२५

चि. पद्मजास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. माधवने माझं डोकं उठवलंय. पंधरा ऑगस्टला सोसायटीत माझा सत्कार ठरवला, इथवर ठीक. पण गेटवर बॅनर लागलाय, त्यात मी लष्करी वेशात, हातात बंदूक. चित्र तन्वीने मोबाइलवर बनवलं. नातीला काय बोलायचं? एकाहत्तरच्या लढाईत मी देवळालीच्या लष्करी एक्स्चेंजात टेलिफोन ऑपरेटर होते, सुती साडी नेसून बोर्डापुढे बसायचे, हे पोटच्या मुलाला तरी ठाऊक हवं. उतरव म्हटलं, तर म्हणतो, एवढं कोण बघतंय. नरोलीच्या कारखान्यातले त्याचे साहेबही येणार आहेत. मी जाणार नाही.
तब्येत जप, आठवण ठेव.
तुझी नलिनीताई

नाशिक, ९ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून हसले, रागावू नकोस. रात्रपाळीची नोकरी म्हणून तेव्हा तुझी दोन स्थळं मोडली होती. आता शाल देताहेत तर मुकाट्याने घे. चारचौघांत मुलाचा पाणउतारा करू नकोस. तुला गप्प बसवत नाही, म्हणून आधीच सांगते.
माया आहे तशीच राहू दे.
धाकटी पद्मजा

सिल्वासा, १९ ऑगस्ट

चि. पद्मजास आशीर्वाद.
गेले आणि बोलले. माइकवर सांगितलं, बंदूक मी कधी धरली नाही. ती धरून जे गेले, त्यांचा मान मला नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि निवेदकाने पुन्हा 'वीर सैनिक' म्हणूनच आभार मानले. काय करावं या माणसांचं?
घरी माधव चिडला. साहेबांपुढे नाक कापलंस म्हणाला. मग तिथे करत तरी काय होतीस, असंही तिरसटपणे विचारलं. सांगितलं. शेजारच्या बोर्डावर कावेरी असायची. तिचा नवरा सीमेवर. त्याच्या रेजिमेंटचे कॉल तीच जोडायची, पण मध्ये एक शब्द विचारायची मुभा नव्हती. तिने कधी विचारला नाही. प्लग लावायची आणि पुढचा कॉल घ्यायची.
तो परत आला का, असं माधवने हळूच विचारलं. लढाई संपायच्या आत तिची बदली झाली, पुढचं मला कळलंच नाही.
सकाळी पाहते तर माधव स्वतः बॅनरच्या दोऱ्या सोडत होता. वर येऊन म्हणाला, रविवारी देवळालीला जाऊ, कावेरीमावशींची चौकशी करू. तिचं माहेर देवळालीतच लॅम रोडला होतं, एवढंच आठवतं. तू आधी विचारून ठेव.
लोभ असू दे. दुपारी जेवायला तुझ्याकडेच येऊ, साधंच कर, आणि माधवला लाडू देऊ नकोस. त्याच्यावरचा राग अजून गेलेला नाही.
नलिनीताई