दादाची उडी

छोटे,

डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं. उजवं मनगट बहुतेक मोडलंय, दवाखान्यात चाललोय. आईला जिन्यावरून पडलो म्हणून सांग.

तू परवा म्हणालीस, "दादा, तुझी सायकल चढाला झकास, पण उड्या तिला झेपायच्या नाहीत." बाबांनी लगेच मान डोलावली. तुझ्या उड्यांचे व्हिडिओ ते पोस्टमनलासुद्धा दाखवतात. मी तासभर चढ चढतो, ते कोण बघतंय? म्हणून आज एकटाच, तू उड्या मारतेस त्या उतारावर गेलो.

वेगात सायकल नुसती थरथरत होती, तरी उडी घेतलीच. टेकताना पुढचं चाक दुमडलं.

तुझंच खरं निघालं. बाबांना कळू देऊ नकोस. कळलंच, तर दोन्ही चाकं हवेत होती, हेही सांग.

दादा