तिन्हीसांजेचं दुसरं दार

शालन,

इन्व्हर्टरची बॅटरी आणायला कणकवलीला जातोय, शेवटच्या एसटीने येईन. सोलकढी झाकून ठेवली आहे. मांजराला सांगितलेलं नाही.

आज दिवा लावून झाल्यावर माडीवरचा कॉम्प्युटर बंद करू नकोस. दत्तूने मे महिन्यात त्यात बसवलेला सर्व्हर आपल्या गावराखण्या देवचारासारखा आहे. दिसत नाही, झोपत नाही, वेशीवर बसून असतो. दत्तू पुण्याहून नेटवरून आला की हा आधी त्याची किल्ली तपासतो, मगच आत घेतो. आतलं बोलणं सगळं कुलूपबंद, शेजारच्या मंदावहिनींनाही कळत नाही. याला देवचारासारखा कोंबड्याचा मान लागत नाही, फक्त वीज लागते, आणि नेमकी तीच तू काढतेस.

चतुर्थीला रजा मिळाली नाही म्हणून तू त्याला बोललीस, तेव्हापासून तुला फोन नाही, हे खरं. "माका इसारलो," असं तू तुळशीला सांगत होतीस. पण तो रोज तिन्हीसांजेला येतो. पडद्यावर त्याच्या नावाची ओळ उमटते, काम काहीच करत नाही, जरा थांबून जातो. लहानपणी खेळ सोडून दारच्या खळ्यात यायचा, तू चुलीपाशी दिसलीस की परत पळायचा, तसाच.

परवा तू बटण बंद केलंस, तर लगेच माझ्या मोबाईलवर फोन. "बाबा, सर्व्हर बंद कसो?" मग, "आई बरी आसा मा?"

तिन्हीसांजेला पुढचं दार लावू नये, हे तूच सांगतेस. आज ओळ दिसली की आतूनच विचार, "इलंस रे?" उत्तर तो लहानपणी खळ्यातूनही द्यायचा नाही.