एका पेराच्या जिभल्या

अग्रिओनियोस महिना, दिवस चौथा

आला! कारोंदास पावेवाला माझ्या दारात आला!

गेल्या जत्रेत याच्या जोडपाव्याच्या तोंडाशी आमच्या बोरूच्या जिभल्या होत्या; दोन सूर आपसात भांडले. गाणारे अडखळले, अख्खं गाव हसलं. तेव्हा हाच भर चौकात ओरडला — "मेलांतासला बोरूतलं काही कळत नाही! जिभल्या करतो म्हणे!" माझा नवरा मेलांतास म्हणाला, "चूक माझी." तेवढंच! मग आमच्या जिभल्या कुणी घेईना. भर थंडीत तळ्यात उतरला, नवा बोरू कापायला. तापानं गेला.

आणि आज हा — "वहिनी, देवींपुढे वाजवायचंय. तुमच्या घरच्यासारखी जिभली कुठे नाही."

देते म्हटलं. मेल्या, देते की!

दिवस सहावा

जोडीच्या दोन्ही जिभल्या एकाच पेराच्या लागतात. वेगळ्या पेरांच्या असल्या तर घरी बऱ्या वाजतात, पण श्वासानं ओल्या झाल्या की सुरातून फिरतात. मी मुद्दाम बोरूच्या दोन वेगळ्या जुड्यांतल्या घेतल्या. तासल्या, दोऱ्यानं बांधल्या. दिसायला सख्ख्या बहिणी!

मेलांतास डावरा, त्याची गाठ डावीकडे वळायची. माझी उजवीकडे. कोण बघतंय!

दिवस सातवा

शेजारची फिलो तोंड वाकडं करून — "त्यालाच दिल्यास? नवऱ्याची राख तरी थंड होऊ द्यायचीस गं!"

"जत्रेला ये," म्हटलं. "जेवून ये. हसायला ताकद लागेल."

दिवस बारावा

फिरल्या!! पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात डावा पावा असा किंचाळला — मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, बकरं आधी मारा, मग वाजवा!" कारोंदासचं तोंड चुन्यासारखं. फिलो माझ्या अंगावर पडून हसत होती.

मेलांतास, ऐकलंस ना?

दिवस तेरावा

कारोंदास आला. मी मुसळ हाताशी ठेवलं होतं. पण ओरडला नाही. ओट्यावर दोन जोड्या ठेवल्या — कालची, आणि गेल्या वर्षीची. म्हणाला, "मेलांतासला उगाच बोललो, वहिनी. गाठी बघा." गेला.

बघते कशाला! चुलीत घालीन.

दिवस चौदावा

दोन्ही जोड्यांच्या गाठी उजवीकडे.

गेल्या वर्षी मेलांतासचं बोट चिरलं होतं. जत्रेची जोडी मी बांधली. घाईत. दोन जुड्यांतला बोरू मीच मिसळला.

चौकात मेलांतासनं ती जोडी हातात घेतली होती. गाठ पाहिली होती. मग म्हणाला — चूक माझी.